चारही चाकांचें बळ

वऱ्हाडची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तीच फुगून असा चिखल होतो कीं, बैलगाडी पार रुतून बसते. अशा वेळीं गाडीवान बैलांना हांक देतो व स्वतः खालीं उतरून चाकाच्या आऱ्यांना हात घालतो. नुसतें ओढलें जाणारें चाक मग जोरानें फिरूं लागतें आणि गाडी हलते. चारही चाकांना शक्ति देणाऱ्या मोटारीचें मर्म ह्या कृतींत आहे.

मोटारीला बैल नसतात. आपल्याच चाकांनीं जमिनीला मागें रेटून ती पुढें जाते. म्हणून एंजिन कितीहि बळकट असलें, तरी टायर जेवढी पकड घेईल तेवढाच रेटा कामीं येतो. बाकीची शक्ति चाक जागच्या जागीं फिरवण्यांत वायां जाते. एंजिनाचा जोर दोन चाकांऐवजीं चारांवर वांटला, तर मोटारीचें सगळें वजन पकडीला उपयोगी पडतें. एंजिन जितकें जोरकस, तितकी ही गरज अधिक.

ही कल्पना जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं शर्यतीसाठीं सहा सिलिंडरांची मोटार बांधली, तिच्या चारही चाकांना एंजिनाची शक्ति मिळत असे. परंतु वळणावर चारही चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. बाहेरच्या चाकाला आंतल्याहून आणि पुढच्या चाकांना मागच्यांहून मोठा फेरा पडतो. त्यासाठीं डिफरन्शियल ही दांतेरी चाकांची जुळणी लागते: पुढच्या जोडीला एक, मागच्या जोडीला एक आणि दोन जोड्यांच्या मध्यें तिसरी.

साध्या डिफरन्शियलमध्यें मात्र एक खोड आहे. तें दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतें. एक चाक चिखलांत निसटलें, तर त्याला फिरवायला अगदीं थोडा जोर पुरतो. मग कोरड्या जमिनीवरच्या जोडीदारालाहि तेवढाच मिळतो आणि मोटार हलत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतील जीपनें ह्यावर सोपा तोडगा काढला. तिच्यांत मधलें डिफरन्शियलच नव्हतें. गरजेपुरता दांडा ओढून पुढचीं चाकें जोडावयाचीं. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें पुढें हीच विलिस जीप भारतांत जुळवून विकली. चिखलांत ही योजना उत्तम. पण कठीण सडकेवर दांडा तसाच ठेवला, तर वळणावर टायर घासतात आणि यंत्रावर ताण येतो. वेगवान मोटारीला हें चालण्यासारखें नव्हतें.

१९६१ सालीं इंग्लंडमधील औल्टन पार्कच्या शर्यतींत स्टर्लिंग मॉस ह्यांनीं फर्ग्युसनची चारही चाकांनीं चालणारी मोटार विजयी केली. १९८० सालीं जर्मनीच्या औडी कंपनीनें क्वात्रो मोटार पुढें आणली आणि १९८२ व १९८४ सालीं रॅलींचें जागतिक निर्माता-अजिंक्यपद मिळविलें. ह्याच कंपनीच्या मोटारींची जुळणी आतां छत्रपती संभाजीनगर येथें होते. पहिल्या क्वात्रोंत मधलें डिफरन्शियल चालकाला हातानें बांधून टाकावें लागे. पुढें आपोआप जोर वळविणारीं दांतेरी चाकें आलीं, आणि आज विजेच्या हुकमानें आवळणाऱ्या तबकड्या तें काम करतात. चाकांचा वेग सतत मोजला जातो आणि निसटणाऱ्या बाजूचा जोर क्षणार्धांत दुसरीकडे जातो.

जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी एकपदरी सडक अखंड घालून जागतिक विक्रम झाला. गुळगुळीत सडकेवर वेग वाढतो आणि चालकाचा भरंवसाहि. तेथेंच सावध राहावयास हवें. चारही चाकांची शक्ति मोटार पुढें नेते, थांबवीत नाहीं. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात, आणि थांबण्याचें अंतर टायर व सडक हीं दोघें ठरवितात. उलट, अशी मोटार ओल्या सडकेवरहि न निसटतां सुटते, त्यामुळें सडक किती निसरडी आहे ह्याची सूचनाच चालकाला मिळत नाहीं. चिखलदऱ्याच्या घाटांत, धुकें आणि पावसांत, ती सूचना प्रथम मिळते ती वळणावर ब्रेक दाबतांना. आणि तेव्हां उशीर झालेला असतो. अशी मोटार घेणाऱ्या कुटुंबानें एंजिनाच्या आंकड्यांपूर्वीं टायरांची झीज पाहावी, आणि पावसांत वेग आधींच कमी करावा.