दोन टिंबांच्या मधला पाऊस

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बरेच जण करतात, म्हणून या वेळी आकडे जरा सावकाश घेतलेत.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने. लोणावळ्याचा महिन्यामहिन्याचा पाऊस तुम्ही एक्सेलमध्ये भरला. बारा महिने, बारा टिंबं. मग रेघ छान दिसावी म्हणून 'स्मूद लाइन'वर टिचकी मारली. झोकदार वळणं घेत रेघ सगळ्या टिंबांतून गेली. आता कुणी विचारलं, "मेचं टिंब आणि जूनचं टिंब, यांच्या बरोब्बर मध्ये रेघ किती दाखवते?" तर सांगता येईल?

तुम्ही रेघेवर बोट ठेवाल, पण एक्सेल सांगणार नाही. ते फक्त तुम्ही भरलेल्या टिंबांचे आकडे दाखवतं. मधली रेघ त्याने दिसायला बरी म्हणून काढलेली असते आणि तिचं सूत्र काही ते तुमच्या हाती देत नाही. 'ट्रेंडलाइन'चं समीकरण मिळतं, पण ती रेघच वेगळी. ती टिंबांच्या आसपासून जाते, प्रत्येक टिंबातून जाईलच असं नाही.

मग मधला आकडा काढायचा कसा? हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे, आणि त्याचं एक फार सुंदर उत्तर आपल्याच मुलखाशी जोडलेलं आहे.

चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. तिथल्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. हे भास्कराचार्य म्हणजे 'लीलावती'वाले. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. ग्रह कुठे आहे हे काढायला ज्या लागते, म्हणजे आपण शाळेत शिकतो तो साइन. प्रत्येक अंशाची ज्या पाठ कोण करणार? म्हणून त्यांनी एक छोटं कोष्टक दिलं. त्रिज्या १२० धरायची आणि दर १० अंशांनी ज्या किती वाढते तेवढंच लक्षात ठेवायचं : २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज करून बघा, बरोबर १२० येते. नऊ आकडे, काम झालं.

आता ७५ अंशांची ज्या हवी आहे. कोष्टकात ७० आहे, ८० आहे, ७५ नाही. सत्तरपर्यंतची बेरीज ११३. पुढच्या दहा अंशांत वाढ ५, म्हणजे निम्म्या वाटेवर अडीच. उत्तर ११५.५. ही झाली सरळ रेघ, आपल्या भाषेत त्रैराशिक.

भास्कराचार्य म्हणतात, थांबा. मागची वाढ ९ होती, पुढची ५ आहे. वाढ मंदावतेय, म्हणजे रेघ वाकतेय. ते वाकणं हिशेबात घ्या. ९ आणि ५ यांचा मध्य ७. दोघांतला फरक ४, त्याला पुढे गेलेल्या ५ अंशांनी गुणा आणि २० ने भागा, आला १. सातातून एक वजा, राहिले ६. ही सुधारलेली वाढ. तिचा निम्मा ३. उत्तर ११६.

खरी किंमत? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १२० गुणिले साइन ७५ करा. ११५.९१ येतं. सरळ रेघेची चूक ०.४१, भास्कराचार्यांची ०.०९. तीसुद्धा नऊ पूर्णांक पाठ करून!

ही युक्ती मुळात ब्रह्मगुप्ताची, ६६५ सालच्या 'खण्डखाद्यक'मधली. युरोपात न्यूटन आणि स्टर्लिंग यांच्या नावाने जी सूत्रं प्रसिद्ध झाली, त्यात दुसऱ्या फरकापर्यंत थांबलात तर हेच मिळतं. फरक हजार वर्षांचा. आणि आपल्याकडे ही परंपरा पंचांगाच्या निमित्ताने चालू राहिली. पुण्यात केरूनाना छत्र्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली. कोष्टक आलं की मधला आकडा काढणं आलंच.

आता चला मावळात.

लोणावळ्याला जाणारा प्रत्येक जण वळवणचं धरण बघतो. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली निघाली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवायचं, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी योजना. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. गंमत अशी की पाऊस चार महिन्यांचा आणि गिरणी बारा महिन्यांची. म्हणजे सगळा खेळ एकाच प्रश्नावर : आत्ता तलावात पाणी किती आहे?

पाणी मोजायला तलावात माप बुडवता येत नाही. भिंतीवरच्या पट्टीवर पातळी वाचायची आणि त्या पातळीला साठा किती, हे तक्त्यात बघायचं. तक्ता कसा होतो? दरीची आधी मोजणी होते, ठरावीक उंचीवर समोच्च रेषा काढतात, प्रत्येक रेषेच्या आतलं क्षेत्रफळ मोजतात आणि थर एकावर एक रचून साठा काढतात. मधल्या पातळ्यांचा साठा? अंदाजाने. पुन्हा तीच दोन टिंबं.

समजा आपलं तळं शंकूसारखं आहे, टोक खाली. १० मीटर पाणी असताना साठा १, तर २० मीटरला ८. पातळी १५ मीटर झाली. सरळ रेघ म्हणते साडेचार. प्रत्यक्षात साधारण ३.३८. म्हणजे कागदावर एक तृतीयांश पाणी जास्त! उन्हाळ्यात या भरवशावर पाणी वाटलंत तर मे महिन्यात तळ दिसेल.

मग सगळीकडे गुळगुळीत वळणच वापरावं का? तेही नाही. जहाजं बांधणारे खिळ्यांच्या मधून लवचीक लाकडी पट्टी वाकवून वळण काढायचे, तिला इंग्रजीत स्प्लाइन म्हणतात. १९४६ मध्ये शोनबर्ग या गणितज्ञाने ते नाव गणितात आणलं. पुढे फ्रान्समध्ये सित्रोएनच्या द कास्तेल्जो आणि रेनोच्या बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यासाठी वळणांचं गणित बसवलं. एक्सेलच्या गुळगुळीत रेघेचं घराणं हेच. मोटारीच्या बॉनेटला ते शोभतं. पावसाला? एप्रिलमध्ये जवळपास शून्य, मेमध्ये थोडासा, जूनमध्ये एकदम शेकड्यांनी मिलिमीटर. एवढी उडी घ्यायला रेघ आधी खाली वाकते आणि शून्याच्याही खाली जाऊ शकते. उणे पाऊस! ढगांनी पाणी परत नेलं म्हणायचं का?

यावर उपाय सोपा आहे. महिन्याचा पाऊस थेट जोडू नका, एक जानेवारीपासूनची बेरीज मांडा. बेरीज कधी कमी होत नाही. मग त्यातून अशी रेघ काढा जी कुठेच खाली उतरत नाही. ही पद्धत फ्रिच आणि कार्लसन यांनी १९८० मध्ये दिली. १५ जूनपर्यंत साधारण किती, याचा शहाणा अंदाज त्यातून मिळतो.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. टिंबं नकाशावरही असतात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, लोणावळ्यात ४,००० च्या वर. लोकलने ६४ किलोमीटर. तळेगाव जवळपास मध्ये. सरळ रेघ तळेगावला २,३०० च्या वर पाऊस देईल. तळेगावकरांना विचारा, हसतील. घाटमाथा सोडला की पाऊस धाडकन उतरतो, सावकाश नाही.

हे हसण्यावारी नेता येत नाही. घाटातल्या बहुतेक वाड्यांवर पर्जन्यमापक नाही. तिथला आकडा म्हणजे जवळच्या दोन-तीन टिंबांमधला अंदाज. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ८० हून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. डोंगराला सरासरी कळत नाही. नेमक्या त्या उतारावर, त्या रात्री किती पडलं, तेवढंच त्याला कळतं.

म्हणून भास्कराचार्यांकडून मी एवढंच घेतो : मधला आकडा काढण्याआधी मधे काय चाललंय ते विचारा. ज्या कशी वाकते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांची सुधारणा चालली. तलावाला त्याचा आकार विचारा, पावसाला त्याचा डोंगर. आणि जिथे जीव टांगणीला आहे, तिथे सुंदर रेघेपेक्षा आणखी एक टिंब बरं, म्हणजे आणखी एक पर्जन्यमापक.

या आठवड्यात एक करून बघा. त्या नऊ आकड्यांवरून ४५ अंशांची ज्या काढा. ८४.७५ आली तर तुमचं जमलं. भेटू पुढच्या भागात, तोवर छत्री जवळ ठेवा!