वामनवृक्षाला आधी शेत हवे

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजे करणे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वनस्पतींच्या वाढीचा धडा चालू असताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "हा झाडावर अन्याय नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना एक गंमत लक्षात येते. मनगटाएवढ्या बुंध्याचे, पण फूट-दीड फूट उंचीचे जे पानझडी झाड तबकात दिसते, ते बहुधा तबकात वाढलेलेच नसते. ते आधी काही वर्षे जमिनीत, भरपूर खतपाण्यावर मोकळे वाढवलेले असते.

या कलेची सुरुवात चीनमध्ये झाली. तेथील राजपुत्र झांगहुआई याच्या इ.स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर छोटी झाडे आणि खडक ठेवलेली तबके हातात घेतलेले सेवक चितारलेले आहेत. पुढे ही कला जपानमध्ये गेली. तेथे १३०९ सालच्या एका चित्रगुंडाळीत तबकातील झाडे दिसतात. 'बोन्साय' या जपानी शब्दाचा अर्थही एवढाच, की पसरट भांड्यात लावलेले झाड.

मग या झाडांना म्हाताऱ्या वृक्षासारखा बुंधा कोठून मिळे? उत्तर होते, डोंगरातून. कड्याच्या भेगेत वारा, बर्फ आणि अपुरी माती यांमुळे खुरटलेली झाडे खणून आणली जात. त्यांना 'यामादोरी' म्हणतात. खुजेपणाचे काम तेथे निसर्गाने केलेले असे. पण शंभर वर्षांचे झाड खणायला एक दिवस पुरतो आणि त्या जागी दुसरे तयार व्हायला पुन्हा शंभर वर्षे लागतात. मागणी वाढली तशी चांगली झाडे दुर्मीळ होत गेली. दुसरा मार्ग होता तो शेतात झाड तयार करण्याचा. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील काही बोन्साय व्यावसायिक मोकळी जमीन आणि चांगले पाणी शोधत ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे बोन्साय-ग्राम वसले. झाडांच्या या धंद्याला जमीन किती आवश्यक असते, हे यावरून ध्यानात येते.

बुंधा जाड का होतो?

लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नोंदले होते, की झाडाच्या कोणत्याही उंचीवरील सर्व फांद्यांची जाडी एकत्र केली, तर ती बुंध्याच्या जाडीएवढी भरते. सतराव्या शतकात इटलीच्याच माल्पिघीने खोडाची साल वलयाकार काढून पाहिली. वलयाच्या वरचा भाग फुगला. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली येते, याचा तो पुरावा होता. आपले माळी डाळिंबाला गुटी बांधतात तेव्हा हाच प्रयोग करतात. १९६४ मध्ये शिनोझाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी याला गणिती रूप दिले. त्यांच्या मते झाड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असून पानांच्या ठरावीक वजनामागे ठरावीक छेदाची नळी लागते.

याचा अर्थ सोपा आहे. बुंध्याचा व्यास दुप्पट हवा असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे त्याला पोसणारी पानेही ढोबळमानाने चौपट हवीत. एवढी पाने तबकातील चार मुठी माती सांभाळू शकत नाही. जमीन सांभाळते.

म्हणून रोप लावताना सोटमूळ छाटतात आणि खाली कौल किंवा सपाट फरशी ठेवतात. त्यामुळे मुळे खोल न जाता चोहीकडे पसरतात. खालची एखादी फांदी मुद्दाम मोकाट वाढू देतात, कारण तिच्या पानांवर तिच्याखालचा बुंधा जाड होतो. हवी ती जाडी आली, की शेंडा आणि ती फांदी कापतात. नव्या फुटव्याला शेंडा बनवून पुन्हा वाढवतात, पुन्हा कापतात. अशा दोन-तीन फेऱ्यांत बुंधा खाली जाड आणि वर निमुळता होतो. त्यानंतरच झाड उचलून कुंडीत येते. कुंडीत फक्त बारीक फांद्यांची घडण होते.

जपानचे वेळापत्रक आणि परभणीचे

झाड उचलायचे कधी? जपानी पुस्तके सांगतात, हिवाळा संपताना, कळ्या फुटण्याआधी. तेव्हा पाने नसल्याने बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबलेला असतो, आणि खोडात व मुळांत पिष्टाचा साठा असतो. तेथे पानगळ थंडीमुळे होते आणि पालवीनंतर सौम्य वसंत येतो.

परभणीत पानगळ होते ती मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे. शिवाय आपली पुष्कळ झाडे पावसाची वाट न पाहता ऐन उन्हात चैत्रपालवी मिरवतात. पाने गळल्यावर पाण्याचा खर्च थांबतो, खोल मुळांनी आणलेले पाणी खोडात साठते आणि कळ्या फुटतात, असे रॉल्फ बोर्शर्ट यांनी मध्य अमेरिकेतील कोरड्या जंगलांतील अभ्यासातून दाखवले (१९९४). उचललेल्या झाडाची ती खोल मुळेच तुटलेली असतात. मग चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात त्याने नवी पाने जगवायची कशी? म्हणून आपल्याकडे अनेक जण पावसाळ्याच्या तोंडाशी, हवेत ओलावा आल्यावर, पाने काढून झाड उचलतात.

पानगळ ही झाडाची न बदलणारी सवय नव्हे, हे डाळिंबावरून कळते. थंड प्रदेशात ते हिवाळ्यात निष्पर्ण होते. जपानी बोन्सायमध्येही त्याला मान आहे. आपल्याकडे मात्र ते बहुतेक वर्षभर हिरवे राहते. बहार धरण्यासाठी शेतकरी पाणी तोडून ताण देतो, तेव्हा ते पाने गाळते. पाणी मिळताच पालवी आणि कळ्या येतात. थंडीचे काम येथे ताण करतो.

मातीचाही विचार करायला हवा. परभणीची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि त्यात तंतुमुळे तुटतात. झाड उचलताना ओल्या मातीचा चिखल होतो, कोरडीची ढेकळे. मुरूम आणि शेणखत मिसळून केलेला उंच वाफा बरा.

शाळेत हे पडताळून पाहता येईल. एकाच डाळिंबाची सारखी चार छाट कलमे घ्यावीत. दोन कुंडीत आणि दोन वाफ्यात लावावीत. जमिनीपासून चार बोटांवर खूण करून दर महिन्याला दोऱ्याने घेर मोजावा आणि आलेख काढावा. पाचवीच्या मुलांनी सुरू केलेली नोंदवही दहावीपर्यंत चालवता येईल. माळावरचा खुरटलेला पळस किंवा किल्ल्याच्या भिंतीतला उंबर उपटण्याची गरजच नाही.

आणि अन्यायाच्या प्रश्नाचे काय? उपाशी झाड पालवी धरत नाही आणि कापलेल्या जागी जखमही भरून काढत नाही. तबकातील झाड दर वर्षी फुटते, फुलते, कधी फळही धरते. त्याला नियमित पाणी, खत आणि ठरावीक काळाने ताजी माती मिळाली, तरच हे घडते. निगा एक आठवडा चुकली तर भर उन्हाळ्यात ते मरते. तबकातील झाड पूर्णपणे माणसावर अवलंबून असते, आणि ती जबाबदारी पेलणार नसेल त्याने ते जमिनीतच राहू द्यावे.