बर्गंडीचे द्राक्षमळे

बर्गंडीचे द्राक्षमळे : फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी (फ्रेंच नाव बूर्गॉन्य) या इतिहासप्रसिद्ध प्रदेशातील द्राक्षमद्यासाठी विख्यात असलेले मळे. पूर्वीच्या बर्गंडी डचीचा गाभा असलेला हा प्रदेश १ जानेवारी २०१६ पासून बूर्गॉन्य-फ्रांश-काँते या प्रशासकीय विभागात समाविष्ट आहे. उत्तरेकडील शाब्ली, मध्यवर्ती कोत दॉर आणि त्याच्या दक्षिणेस कोत शालॉनेझ व माकाँने असे याचे प्रमुख भाग पडतात. त्यांपैकी कोत दॉर हा सर्वांत प्रसिद्ध असून तो दीझाँ शहराच्या दक्षिणेस सु. ५० किमी. पसरलेल्या एका अरुंद, पूर्वाभिमुख उतारावर आहे. या उताराच्या उत्तर भागास कोत द न्वी व दक्षिण भागास कोत द बोन म्हणतात. तांबड्या मद्यासाठी पीनो न्वार व पांढऱ्या मद्यासाठी शार्दॉने हे द्राक्षांचे दोन वाण येथे प्राधान्याने लावतात.

मळ्यांच्या लहान लहान तुकड्यांना स्वतंत्र नाव, स्वतंत्र सीमा व स्वतंत्र प्रतवारी असणे, हे बर्गंडीचे वैशिष्ट्य होय. अशा तुकड्यास तेथे ‘क्लीमा’ म्हणतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा रूढ अर्थ ‘हवामान’ असा असला, तरी बर्गंडीत तो जमिनीच्या तुकड्यासाठी वापरला जातो. अशा १,२४७ क्लीमांचा युनेस्कोने जुलै २०१५ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. ही रचना सु. दोन हजार वर्षांत मठवासी, सरंजामदार, व्यापारी, शेतकरी व कायदेपंडित यांच्या हातून घडत गेली आहे.

भूरचना व हवामान : कोत दॉरचा उतार मध्य व उत्तर जुरासिक काळातील (सु. १७ ते १५ कोटी वर्षांपूर्वीच्या) सागरी चुनखडकांचा व चिकणमातीयुक्त चुनखडकांचा बनलेला आहे. पुढे सोन नदीचे खोरे खचले, तेव्हा झालेल्या विभंगांमुळे हे थर तुटून वरखाली सरकले. परिणामी काही पावलांच्या अंतरावर जमिनीचा पोत, खोली व निचरा बदलतो. माथ्यावर माती फार पातळ आणि पायथ्याशी ती खोल व ओलसर असते. मधल्या पट्ट्यात निचरा, ऊन व उष्णता यांचा उत्तम मेळ बसतो. त्यामुळे ‘ग्रां क्रू’ या सर्वोच्च श्रेणीचे मळे बहुतेक मधल्या पट्ट्यात असून, त्यांच्या वरखाली ‘प्रमिए क्रू’, त्याखाली गावाच्या नावाने ओळखले जाणारे आणि सपाटीवर केवळ प्रदेशाच्या नावाने ओळखले जाणारे मळे आढळतात. द्राक्षलागवडीच्या उत्तर सीमेनजीक असल्यामुळे या प्रदेशाला वसंतातील दहिवर व गारपीट यांचे भय नेहमीच असते. २०१६ व २०२१ या वर्षी एप्रिलमधील दहिवराने कोवळे कोंब करपून पिकाची मोठी हानी झाली.

प्राचीन काळ : झव्रे-शांबेर्तँ येथे २००८ मध्ये झालेल्या उत्खननात इसवी सनाच्या पहिल्या शतकातील द्राक्षबागेचे, वेली लावण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या ओळींच्या रूपातील अवशेष सापडले. रोमन काळात लागवड उतारावर नव्हे, तर सपाटीवरही होत असे, हे त्यावरून दिसून येते. या प्रदेशातील द्राक्षमळ्यांचा पहिला महत्त्वाचा लिखित उल्लेख सु. ३११-१२ मधील आहे. ओतँ नगरीच्या एका वक्त्याने सम्राट कॉन्स्टंटीन याच्यापुढे केलेल्या भाषणात, येथील वेली वयाने जीर्ण झाल्या असून त्यांची मुळे एकमेकांत गुंतली आहेत, अशी तक्रार केली आहे. करांचा भार हलका व्हावा, हा या भाषणाचा हेतू होता. बर्गंडीच्या मळ्यांचा लिखित इतिहास अशा रीतीने शेतसाऱ्याच्या गाऱ्हाण्याने सुरू होतो.

मठांचे युग : पाचव्या शतकात येथे आलेल्या बर्गंडियन या जर्मानिक लोकांवरून प्रदेशास हे नाव पडले. ५३४ मध्ये त्यांचे राज्य फ्रँकांनी जिंकले. त्यानंतर धार्मिक संस्थांना जमिनी दान देण्याची प्रथा वाढली. सु. ६३० मध्ये ड्यूक आमालगेर याने बेझ येथील मठास झव्रे परिसरातील जमीन दिली. क्लो द बेझ हे आजच्या एका विख्यात मळ्याचे नाव त्यावरूनच आले आहे. ‘क्लो’ म्हणजे कुसू घातलेला मळा. ९१० मध्ये क्ल्यूनी येथे बेनेडिक्टीन पंथाचा व १०९८ मध्ये सीतो येथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. अंगमेहनतीला साधनेचे स्थान देणाऱ्या सिस्टर्शियनांनी बाराव्या शतकाच्या आरंभापासून व्हूझो येथे दानात मिळालेल्या व खरेदी केलेल्या जमिनी एकत्र करून सु. ५० हेक्टरांचा क्लो द व्हूझो हा मळा तयार केला आणि चौदाव्या शतकात त्याभोवती दगडी भिंत पूर्ण केली. तार येथील मठाच्या जोगिणींनी ११४१ मध्ये मोरे गावी घेतलेला क्लो द तार हा साडेसात हेक्टरांचा मळा आजही अखंड आहे.

हे मठवासी माती चाखून मळ्यांच्या सीमा ठरवीत, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिच्यात तथ्य मानण्याचे कारण नाही. तथापि मठाला वारसदार नसल्यामुळे जमिनीची वाटणी होत नसे. त्यामुळे एकाच जमिनीवरील पिकाचे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या करणे व त्याच्या नोंदी ठेवणे मठांना शक्य झाले. क्लीमांच्या भेदांचे ज्ञान अशा दीर्घ सातत्यातून साठत गेले असावे.

ड्यूकांचा काळ : चौदाव्या शतकात आव्हीन्याँ येथे असलेल्या पोपांच्या दरबारात बोनच्या मद्याला मोठी मागणी होती. व्हाल्वा घराण्याच्या ड्यूकांनी (१३६३–१४७७) हे मद्य आपल्या राज्याच्या प्रतिष्ठेचे साधन बनविले. फिलिप द बोल्ड या ड्यूकाने ३१ जुलै १३९५ रोजी काढलेली आज्ञा या संदर्भात प्रसिद्ध आहे. तिच्यान्वये गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम देण्यात आला आणि मळ्यांत शेणखत घालण्यास मनाई करण्यात आली. गामेचे मद्य कडवट व अपायकारक असल्याचे कारण आज्ञेत दिले होते. परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू होती. पीनोपेक्षा गामे लवकर पिकते व भरघोस फळ देते. प्लेगच्या साथीनंतर मजुरांची टंचाई असताना कष्टकऱ्याला तीच वेल परवडणारी होती. ड्यूकाला दूरच्या बाजारपेठेतील नावलौकिक जपायचा होता, तर लहान शेतकऱ्याला त्या वर्षीचे पीप भरायचे होते. पुढेही अशा आज्ञा पुनःपुन्हा काढाव्या लागल्या. यावरून आज्ञा आणि तिचे पालन यांतील अंतर लक्षात येते. या कथेला आधुनिक विज्ञानाने एक वेगळीच जोड दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार शार्दॉने आणि गामे हे दोन्ही वाण पीनो व गूए ब्लां या सामान्य प्रतीच्या वाणांच्या संकरातून निर्माण झाले आहेत. म्हणजेच हद्दपार झालेली गामे ही राजमान्य शार्दॉनेची सख्खी बहीण ठरते. गामेला पुढे दक्षिणेकडील बोझोले प्रदेशातील ग्रॅनाइटी जमीन मानवली.

फिलिप द गुड या ड्यूकाचा चॅन्सेलर नीकॉला रॉलँ आणि त्याची पत्नी गीगॉन द सालँ यांनी १४४३ मध्ये बोन येथे गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. १४५७ पासून त्याला द्राक्षमळे दान मिळू लागले. आज या संस्थेकडे सु. ६० हेक्टर मळे असून, त्यांच्या मद्याचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. मूळ इमारतीतील रुग्ण १९७१ मध्ये नव्या रुग्णालयात हलविण्यात आले. १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत चार्ल्स द बोल्ड मारला गेला आणि डची फ्रान्सच्या राजाकडे गेली.

व्यापारी व क्रांती : सतराव्या शतकापासून मठांची आर्थिक स्थिती ढासळू लागली व त्यांचे अनेक मळे दीझाँच्या न्यायाधीश-सरदारांच्या हाती गेले. अठराव्या शतकात बोन येथे मद्यव्यापाऱ्यांच्या पेढ्या उदयास आल्या. शांपी (१७२०) व बूशार (१७३१) या त्यांपैकी जुन्या पेढ्या होत. हे व्यापारी शेतकऱ्यांकडून मद्य विकत घेऊन, ते मुरवून व मिसळून परदेशी पाठवीत. १७६० मध्ये काँतीच्या राजपुत्राने व्होन गावातील रॉमाने हा मळा विकत घेतला. सु. १.८ हेक्टरांचा हा मळा पुढे रॉमाने-काँती या नावाने जगप्रसिद्ध झाला.

फ्रेंच राज्यक्रांतीत २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आली. १७९१ मध्ये क्लो द व्हूझोचा लिलाव झाला. तथापि या लिलावांचा लाभ प्रामुख्याने भांडवल असलेल्या धनिकांना झाला, भूमिहीन मजुरांना नव्हे. जमिनीचे खरे विभाजन १८०४ च्या नागरी संहितेने घडविले. तिच्यातील समान वारसाहक्कामुळे प्रत्येक पिढीत मळ्यांच्या वाटण्या होऊ लागल्या. क्लो द व्हूझो १८८९ पर्यंत एकसंध राहिला. त्या वर्षी तो अनेकांना विकला गेला आणि आज त्याचे ऐंशीहून अधिक मालक आहेत. भिंत एकच असल्यामुळे त्यातील वरची निचऱ्याची आणि खालची ओलसर अशी सर्वच जमीन ग्रां क्रू गणली जाते. इतिहासाने भूविज्ञानावर मात केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

बॉर्दो येथे १८५५ मध्ये झालेली प्रतवारी मालमत्तेची म्हणजे ‘शातो’ची होती. बर्गंडीत मालकी विखुरल्यामुळे प्रतवारी जमिनीची करणे भाग पडले. त्याच वर्षी झ्यूल लाव्हाल या डॉक्टराने कोत दॉरच्या मळ्यांचा इतिहास व प्रतवारी प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे बोनच्या कृषिसमितीने १८६१ मध्ये नकाशा तयार केला. मळ्यांच्या कीर्तीचा लाभ घेण्यासाठी गावांनीही नावे बदलली. १८४७ मध्ये झव्रे गावाने शांबेर्तँ या मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडले, तर १८७९ मध्ये प्यूलीन्यी व शासान्य या शेजारच्या दोन्ही गावांनी त्यांच्या सीमेवरील माँराशे या मळ्याचे नाव घेतले.

फायलोक्सेराचे संकट : अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा ही माव्यासारखी सूक्ष्म कीड द्राक्षवेलीची मुळे नष्ट करते. माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्याचे सहकारी यांनी १८६८ मध्ये तिचा शोध लावला. कोत दॉरमध्ये ती १८७८ मध्ये मर्सो येथे आढळली. प्रारंभी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचण्याचा उपाय करण्यात आला. तो खर्चिक असल्यामुळे लहान शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. कीडप्रतिकारक अमेरिकन खुंटांवर स्थानिक वाणांची कलमे बांधण्यास कोत दॉरमध्ये १८८७ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर मळे नव्याने व सरळ ओळींत लावले गेले, परंतु सपाटीवरील अनेक सामान्य मळे कायमचे गेले. लोहमार्गाने येणाऱ्या दक्षिण फ्रान्समधील स्वस्त मद्याशी त्यांना स्पर्धा करता येईना. रॉमाने-काँतीच्या मालकांनी मात्र मूळ, बिनकलमी वेली १९४५ पर्यंत राखल्या. त्या वर्षीच्या अल्प पिकानंतर त्या उपटून १९४७ मध्ये नवी लागवड करण्यात आली. १९४५ च्या या मद्याची एक बाटली ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ५,५८,००० डॉलरना विकली गेली.

नावाचे संरक्षण : विसाव्या शतकाच्या आरंभी उत्कृष्ट मळ्यांच्या नावाखाली दक्षिणेकडील व अल्जीरियातील मद्य मिसळून विकण्याचा प्रकार बोकाळला होता. फसवणुकीविरुद्धचा १९०५ चा कायदा आणि मूळस्थानासंबंधीचा १९१९ चा कायदा यांनी उत्पादकांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला केला. व्हॉल्ने येथील मार्की दांझेरव्हील व न्वी येथील आंरी गूझ यांनी या लढ्यात पुढाकार घेतला. व्यापाऱ्यांचा रोष पत्करून त्यांच्यासारखे उत्पादक आपले मद्य स्वतःच बाटल्यांत भरून विकू लागले. ३० जुलै १९३५ च्या हुकुमान्वये नियंत्रित मूळस्थान-नामाची व्यवस्था सुरू झाली आणि १९३६ पासून बर्गंडीतील मळ्यांना ती लागू झाली. सीमा, वाण, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा व मद्यार्काचे किमान प्रमाण तीत निश्चित केलेले असते. आज बर्गंडीत ३३ ग्रां क्रू असून एकूण उत्पादनात त्यांचा वाटा केवळ सु. एक टक्का आहे. व्यापारी मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, न्वी-सँ-झॉर्झ येथे शव्हाल्ये द्यू तास्तव्हँ हे बंधुमंडळ स्थापन झाले. त्याच्याकडे १९४४ पासून क्लो द व्हूझोची गढी आहे.

सद्यःस्थिती : नावाच्या संरक्षणाने भेसळीला आळा बसला. परंतु जमिनीचे मोल वाढून एक नवा पेच निर्माण झाला. ग्रां क्रू जमिनीची सरासरी किंमत २०२० नंतर हेक्टरी साठ लाख युरोंच्या वर राहिली आहे. परिणामी वारसाकर व भावंडांचे हिस्से देणे शेतकरी कुटुंबांना जड जाते आणि मळे उद्योगपतींकडे जातात. २०१४ मध्ये क्लो दे लांब्रे आणि २०१७ मध्ये क्लो द तार हे शेजारचे मळे अशाच बड्या उद्योगसमूहांनी घेतले. दुसरे आव्हान हवामानाचे आहे. बोन येथील द्राक्षतोडणीच्या १३५४ पासूनच्या तारखा उपलब्ध असून, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होत असे, तर १९८८ नंतर ती सु. १३ दिवस आधी होऊ लागली. हिवाळा सौम्य झाल्याने कोंब लवकर फुटतात व एप्रिलच्या दहिवरात सापडतात. क्लीमांच्या सीमा जमिनीवर दगडी कुसवांनी व कायद्यात नकाशांनी पक्क्या केल्या आहेत, त्यांवरील ऋतुमान मात्र बदलत आहे. त्यामुळे कोणते वाण, कोणते खुंट व कोणत्या उंचीवरील जमीन यापुढे योग्य ठरेल, हा प्रश्न बर्गंडीतील उत्पादकांपुढे पुन्हा उभा राहिला आहे.