हस्तांतर किंमत
एकाच उद्योगसमूहातल्या कंपन्या परस्परांना माल, सेवा, कर्ज किंवा तंत्रज्ञान देताना जो दर लावतात तो. व्यवहार घरातल्या घरात असल्याने घासाघीस होत नाही. नफा कोणत्या देशात, कोणाच्या वहीत दिसावा याचा विचार दर ठरवतो. त्यात ओढाताणही असते: परदेशी मूळ कंपनीकडून महाग माल आणला तर येथला आयकर घटतो, पण सीमाशुल्क वाढते. परक्या गिऱ्हाइकाला लावला असता तोच दर नात्यातल्या कंपनीला लावावा, हा भारतीय आयकर कायद्याचा २००१पासूनचा दंडक आहे.

मराठवाड्यातल्या जालन्याचे उदाहरण बियाण्यांचे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको स्थापन केली. १९९८मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने तिचे २६ टक्के भाग घेतले आणि दोघींनी निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक काढली. पुढे कायद्याने दोन कंपन्यांत 'नाते' मानण्यासाठी मतदान-हक्काची किमान मर्यादा ठेवली, तीही २६ टक्केच.

कापसाला बाजार समितीत भाव असतो, या कंपनीच्या बोंडअळीरोधक बीटी जनुकाला नसतो. अशा अमूर्त मालाचा दर ठरवणे सर्वांत अवघड. तेच तंत्रज्ञान परक्यांनाही दिलेले असेल, तर त्यांचा दर पुरावा ठरतो. बीटीचा परवाना देशातल्या अनेक बियाणे कंपन्यांना दिला गेला, त्यामुळे तुलनेला आधार होता. पण २०१५च्या दरनियंत्रण आदेशानंतर सरकारने २०१६मध्ये दुसऱ्या पिढीच्या बीटीचे तंत्रज्ञानमूल्य ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १६३ रुपयांवरून ४९वर आणले, आणि २०२०मध्ये शून्यावर. पाठ्यपुस्तकांत तळटीपेत जाणारा सरकारी दर या धंद्यात सर्वांवर मात करतो.

जालन्याच्या पोलाद उद्योगात प्रश्न सोपा आहे. भट्टीतले बिलेट (पोलादाचे लांबट ठोकळे) समूहाच्याच रोलिंग मिलला दिले, तरी बिलेटचा बाजारभाव सगळ्यांना ठाऊक असतो. देशांतर्गत व्यवहार २०१२च्या दुरुस्तीने या तरतुदींखाली आले, आता तेही मुख्यतः करसवलत घेणाऱ्यांपुरते. त्यासाठी वर्षभरातल्या अशा व्यवहारांच्या एकूण रकमेची मर्यादा आधी ५ कोटी रुपये होती, नंतर २० कोटी झाली. स्वतःच्या प्रकल्पातली वीज स्वतःच्याच कारखान्याला दिल्यास सवलतीसाठी तिचा भाव कोणता धरावा, हा वाद मात्र बरीच वर्षे चालला. वीज मंडळ औद्योगिक ग्राहकाला ज्या दराने वीज विकते तोच बाजारभाव, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जिंदाल स्टील अँड पॉवरच्या खटल्यात डिसेंबर २०२३मध्ये दिला.