कागदावरचे १०८९ सीसी

जुन्या गाडीचं इंजिन उघडलं की आत तिची अख्खी बखर सापडते. पावसला मामांच्या १९६५च्या फियाट ११०० डिलाइटचं इंजिन बांधायला काढलं, तेव्हा हे प्रत्यक्ष बघितलं. आरसी बुकात लिहिलंय १०८९ सीसी. मिस्त्रींनी बोअर गेज घालून मोजलं तर सिलिंडरचा व्यास ६८च्या जागी ६८.६ मिलिमीटर! म्हणजे आधी कधीतरी रीबोअर झालेलं. चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक... करा गणित. गाडी निघते ११०९ सीसीच्या आसपास. सरकारदरबारी नोंद नसलेले वीस सीसी मामा इतकी वर्षं बिनबोभाट वापरत होते.

रीबोअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पिस्टनच्या रिंगा घासून घासून सिलिंडर लंबगोल होतो, ऑइल वर चढून जळतं आणि मागून निळा धूर येतो. मग सिलिंडर थोडा जास्त कापून पुन्हा गोल करायचा आणि मोठा पिस्टन घालायचा. क्रँकचं नेमकं उलटं. ती घासून बारीक करायची आणि जाड बेअरिंग घालायचं. दोन्हीकडे धातू जातोच, त्यामुळे हा खेळ किती वेळा खेळायचा याला मर्यादा आहे.

गंमत म्हणजे हे इंजिन त्या गाडीपेक्षाही म्हातारं. ६८ गुणिले ७५ हे माप, लोखंडी ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड, हे सगळं फियाटने १९३७मध्ये ५०८ सी या मॉडेलमध्ये आणलं. त्या काळात आपल्याकडे वालचंद हिराचंद मोटारीच्या कारखान्यासाठी सरकारचे उंबरे झिजवत होते. विश्वेश्वरय्यांनीही याच कारखान्यासाठी जीव टाकला. इंग्रज सरकारने काही दाद दिली नाही. शेवटी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, १९४७मध्ये कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली, पण ती अमेरिकन सुट्या भागांची जुळणी होती. फियाट ११०० आली १९५४मध्ये, डिलाइट १९६४मध्ये. पुढे तिचीच पद्मिनी झाली आणि ती २०००च्या आसपासपर्यंत बनत राहिली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी इटलीत रेखाटलेलं इंजिन गूगल सुरू झाल्यावरही कुर्ल्यात तयार होत होतं!

लायसन्स राजला आपण शिव्या देतो, आणि त्या योग्यच आहेत. एका गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. पण त्याचा एक भलताच फायदा झाला. आमच्या धंद्यात ज्याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात, ती फुकट मिळाली. १९९८च्या टॅक्सीचे बरेचसे भाग १९६५च्या डिलाइटला चालतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांनी कोकणातल्या किती फियाट जगवल्या असतील! ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तो झरा आटायला लागला.

तर आता खरा प्रश्न. पावसची खारी हवा, त्यात गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी. पिस्टन गंजून चिकटलेले. प्लगच्या भोकांतून ऑइल सोडून तीन दिवस ठेवलं तेव्हा कुठे क्रँक हलली. दोन सिलिंडरना खोल चरे. अजून कापायचं तर त्या मापाचे पिस्टन मिळेनात. मिस्त्री म्हणाले, "टॅक्सीचा ब्लॉक आणतो. चार दिवसांत गाडी दारात."

मामा गप्प. ब्लॉकवर इंजिन नंबर ठोकलेला असतो आणि आरसीत तोच असतो. कोकणातल्या घराचं कसं, कौलं बदलतात, वासे बदलतात, पण जोतं तेच असेल तर घर आजोबांचंच. ब्लॉक म्हणजे जोतं.

मी मधे माझं इंटरनेटवरचं ज्ञान पाजळलं. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. हेतू चांगला आहे, पण हा नियम कोणीतरी म्युझियममधल्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय असं मला वाटतं. आपल्याकडे इंजिन न बांधता पन्नाशी गाठलेली वापरातली गाडी दाखवा बरं! शिवाय व्हीए नंबरची गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यालाच. मामांनी ते ऐकून विषय संपवला. "मला हिच्यातून रत्नागिरीला जायचंय रे, बाजाराला. नमस्कार करायला नकोय." दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन साधं नूतनीकरण करायला ते तयार होते.

ब्लॉक आंबा घाटातून कोल्हापूरला उद्यमनगरात गेला. तिथे चारही सिलिंडर मोठे कापून आत लोखंडी स्लीव्ह ठोकल्या, आणि त्या स्लीव्ह बरोबर ६८ मिलिमीटरला कापल्या. नव्या ब्लॉकपेक्षा जास्त पैसे गेले आणि दीड महिना लागला, पण आरसीतले १०८९ सीसी पुन्हा खरे झाले. मोठा फेरफार म्हणायचं की मूळ रूप, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता रनिंग-इन चालू आहे. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर नाही, एकाच वेगात फार वेळ नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण आताचं इथेनॉलवालं पेट्रोल त्यांना खातं. भाट्याच्या पुलाकडून परत येताना गोळपचा चढ लागला की मामा तिसऱ्यात टाकतात आणि मागे लागलेल्या रिक्षांना हात दाखवून पुढे काढतात.