म्हाताऱ्या नाच्याची नवी गंमत

पोरकट विनोदावर नाव कमावलेल्या गाणाऱ्यांनी पन्नाशीत करायचं काय? कॅलिफोर्नियाच्या ब्लिंक-१८२ या पॉप-पंक बँडला हा प्रश्न चुकला नाही. १९९९च्या अल्बमने जगभर पोचलेले तिघे ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा एकत्र नवा अल्बम घेऊन आले. आजारपण, दुरावा, उतरतं वय हे सगळं त्यात होतं, आणि जोडीला जुना थिल्लरपणाही होता. तो कुणाला भावला, कुणाला केविलवाणा वाटला. या वादाच्या बुडाशी एक समजूत आहे: टवाळी तरुणांनीच करावी, वय झालं की माणसाने जरा पोक्त व्हावं. पूर्व विदर्भातल्या तिरोड्याच्या आसपासच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, पिढ्यान्‌पिढ्या रंगलेल्या खडी गंमत या लोकनाट्याचा इतिहास पाहिला, तर ही समजूत टिकत नाही. विनोदाचं वय विनोद करणाऱ्यावर अवलंबून नसतं. तो विनोद कायमचा गोठवला की दरवर्षी नव्याने रचला, यावर ते ठरतं.

ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्याच्या तीन तहसिलींपैकी तिरोडा एक होती. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिरोडा तिकडे गेला. वैनगंगेपलीकडे बालाघाट, अलीकडे झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी असा बोलींचा काला. धानाचा मुलूख असल्यामुळे करमणुकीचं पंचांगही धानानेच आखलेलं. हलका धान दिवाळीच्या सुमाराला हाती येतो, भाऊबीज होते आणि गावोगावच्या मंडया सुरू होतात. सगळ्या एकाच दिवशी नव्हेत. या गावची आज, तर शेजारची उद्या-परवा. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, दुकानं लागतात, लेकी-जावई, व्याही-पाहुणे जमतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. अशा गर्दीपुढे दंडार हा नाच-गाण्याचा खेळ होतो, खडी गंमत होते आणि रात्री नाटक. एकच मंडळ महिनाभरात कितीतरी गावं करतं, आणि पुढच्या वर्षी त्याच गावांत परत येतं. तेव्हा मागच्याच सालच्या कोट्या ऐकवल्या, तर लोक तोंडावर सांगतात.

गंमतीची रचना पाहिली की ती दरवर्षी नवी कशी राहते ते कळतं. शाहीर डफ घेऊन उभा, मागे ढोलकी-टाळ, पुढे साडी नेसून घुंगरू बांधलेला नाच्या. आधी गण, मग गौळण, मग लावणी, सवाल-जवाब, बतावणी. दोन शाहिरांचा सामना असेल तर एकाने टाकलेला पेच दुसऱ्याने तिथल्या तिथे सोडवायचा. सांगाडा जुना, भरणा नवा. म्हणूनच कुटुंबनियोजन, साक्षरता, ग्रामस्वच्छता, दारूबंदी असे सरकारी विषय या सांगाड्यात मावले. गौळण संपल्यावर कृष्णाचा सवंगडी पेंद्या याने शौचालयाची गोष्ट काढली तरी कुणाला खटकलं नाही. गावचा कारभारी हे टिंगलीचं हक्काचं गिऱ्हाईक. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, कारभारी बदलले, गिऱ्हाईक कायम राहिलं. अशा खेळात पन्नाशीचा नाच्या पावडरखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या खुंटांसकट ‘मी आत्ताच न्हाती झाले’ अशा थाटात मुरडतो, तेव्हा त्याचं वय लपवायची गोष्ट राहत नाही, तीच कोटी होते. विशीतल्या पोराला ही कोटी जमणारच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे हौशी गावकऱ्यांचं झालं. धंद्याच्या रंगभूमीवर म्हातारा विनोदवीर चालत नाही. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजातून चालणारी झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातली, नाटकं धंद्याचीच आहेत, तिकीट लावून, रात्रभर. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. सुमारे ५००० प्रयोग, ८०० भूमिका, आणि ओळख ‘विदर्भाचे दादा कोंडके’ अशी, म्हणजे विनोदाचीच. आठशे हा आकडा इथे महत्त्वाचा. एकच गाजलेलं सोंग जन्मभर ओढत नेणारा नट आणि हा नट यांत फरक आहे. ब्लिंकच्या चाहत्याला १९९९ची गाणी १९९९सारखीच हवी असतात, कारण ती तबकडीवर तशीच बसली आहेत. खुण्यांच्या प्रेक्षकाकडे ताडून पाहायला तबकडीच नव्हती.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा, आणि तो पुरता खोटा नाही. द्व्यर्थी बोलण्यावर वेळ मारून नेणारी मंडळं आहेत. बाईच्या वेषातल्या पुरुषाच्या हावभावांवर उठणाऱ्या हशात बाईची टवाळी किती आणि पुरुषाची किती, हेही विचारायला हवं. नाटकांत स्त्री कलावंत आल्या, गंमतीत नाच्या बहुतेक पुरुषच राहिला. पण चावटपणा हा म्हातारपणाचा दोष म्हणता येत नाही. तो आळसाचा दोष आहे. नवी बतावणी सुचली नाही की जुन्या कमरेखालच्या कोटीचा आधार घ्यावा लागतो, मग कलाकार वीस वर्षांचा असो की साठ.

उरतो तिसरा, आणि माझ्या मते खरा, धोका. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं अदानींचं वीज केंद्र उभं राहिलं, परगावचे लोक आले, करमणुकीला ऑर्केस्ट्रा आणि डान्स आले. त्यांच्याशी गंमत झुंजत आली आहे. मोबाइलचं तसं नाही. आजच्या मंडईतली बतावणी रात्रीत यूट्यूबवर चढते आणि मंडळ परवा पोचायच्या आधी शेजारच्या गावात पाहून झालेली असते. जी गोष्ट कधी गोठत नव्हती, ती आता पहिल्याच प्रयोगात गोठते, आणि ब्लिंकची अडचण शाहिरापुढे येऊन उभी राहते. फक्त एक भाग यातून सुटतो: गावात शिरल्याबरोबर चौकशी करून सवालात गुंफलेली तिथली नावं, तिथला रखडलेला रस्ता, तिथली ग्रामपंचायत निवडणूक. व्हिडिओत तोही येतो, पण पुढच्या गावाला त्याचं हसू येत नाही. त्यांना त्यांचा सरपंच हवा असतो.