घरचा प्रमुख कोण?



मागच्या महिन्यात रेशन कार्डाचं केवायसी करायला गेले होते. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यापासून रेशन कार्डापुरती तरी घरातली सर्वांत मोठी बाई ही प्रमुख. आमचे हे शेजारी उभे राहून म्हणाले, "चला, प्रमुख, अंगठा लावा." सगळे हसले, मीही हसले. पण मला लेस्टरच्या देरासरात भेटलेल्या एक बेन आठवल्या.

मुलीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. लेस्टरचं देरासर म्हणजे मूळचं चर्च, 1988 साली तिथे प्रतिष्ठा झाली. पूजा आटोपल्यावर शेजारी बसलेल्या बेन बोलायला लागल्या. ओसवाल, जन्म नैरोबीचा, मूळ गाव जामनगरकडचं. घरातले सगळे इकडे आले, फक्त धाकटी बहीण मुंबईत राहिली. का, तर तिचं लग्न झालेलं होतं. मला काही कळेना. लग्न झालं म्हणून काय झालं?

मग मी घरी येऊन वाचायला बसले.

केनियातल्या आपल्या लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा नवं नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत मिळाली. पुष्कळांनी ते घेतलं नाही, ब्रिटिशच राहिले. 1967 मध्ये तिथे नागरिक नसलेल्यांच्या नोकरीवर, धंद्यावर बंधनं आली आणि लोक विमानं भरून लंडनला निघाले. ब्रिटिश संसदेने 1968 च्या फेब्रुवारीत तीन दिवसांत कायदा उरकला. 1 मार्चपासून नुसता ब्रिटिश पासपोर्ट पुरेना. आपण स्वतः, आई-बाप किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणाचं तरी ब्रिटनशी जन्माचं वगैरे नातं दाखवावं लागे. हालारच्या खेड्यातून गेलेल्यांनी ते कुठून आणायचं?

त्यांच्यासाठी 'स्पेशल व्हाउचर' निघालं. सुरुवातीला वर्षाला 1,500. व्हाउचर मिळायचं कुटुंबप्रमुखाला, आणि त्याच्या मागोमाग बायको-मुलं. गोम आहे ती इथे. नवरा असलेली बाई प्रमुख धरतच नसत. कुमारिका, विधवा, घटस्फोटिता चालेल, किंवा नवरा अंथरुणाला खिळलेला असेल तर विचार होई. बेनच्या बहिणीकडे ब्रिटिश पासपोर्ट, नवरा मात्र भारतीय. म्हणजे पासपोर्ट हिचा आणि प्रमुख तो. तो ब्रिटिश नाही म्हणून त्याला व्हाउचर नाही, ती प्रमुख नाही म्हणून तिला नाही. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, जमा-खर्चाचा ताळा जमला नाही तर झोप येत नाही. हा ताळा कसाही मांडला तरी जमत नाही.

असंच एका विवाहित बाईला मुंबईच्या ब्रिटिश कार्यालयाने नाकारलं, तर ती थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. 1983 मध्ये निकाल विरुद्ध गेला. स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा व्हाउचरला लागूच होत नाही, असं ठरलं.

जी ब्रिटनमध्ये आधीच पोचली होती, तिचीही कथा फार वेगळी नव्हती. पुरुषाला बायको आणता येई, बाईला नवरा आणणं अवघड. 1980 च्या नियमांनी ते आणखी आवळलं. सरकार म्हणे, बेकारी वाढलेली आहे, पुरुष आले की नोकऱ्या अडवतात, बायका काय, घरीच बसतात! आणि लंडनमध्येच 1976 साली फोटो धुण्याच्या ग्रनविक कारखान्यात संप पुकारला तो साडी नेसलेल्या जयाबेन देसाईंनी. घरी कोण बसलं होतं? (तसं घरी बसणारीही काही रिकामी बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.)

तीन बायका हे प्रकरण घेऊन स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. त्यांतली एक मलावीत जन्मलेली, भारतीय वंशाची. 28 मे 1985 ला निकाल लागला, की हा स्त्री म्हणून केलेला भेदभाव आहे. बायका जिंकल्या. मग सरकारने काय केलं? बायकांना सवलत देण्याऐवजी नवऱ्यांवरच्या अटी बायकांनाही लावल्या. सुनेने भाकरी लहान मिळते म्हणून तक्रार करावी आणि सासूने सगळ्यांचीच लहान करावी, तसं. आज तिकडे जोडीदाराला बोलवायचं तर वर्षाला 29,000 पाउंडांची कमाई दाखवावी लागते. 2012 मध्ये आकडा 18,600 होता. आई-वडिलांना कायमचं नेणं तर 2012 पासून जवळजवळ बंदच, म्हणून तर आपण सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर जाऊन नातवंडं सांभाळून परत येतो.

बेनना मी विचारलं, मग बहीण कधी आली? त्या हातातली माळ गुंडाळत म्हणाल्या, "आली ना. बनेवी गेले, तेव्हा." नवरा वारल्यावर तिने पुन्हा अर्ज केला, रांगेत काही वर्षं थांबली आणि व्हाउचर मिळालं. तोवर आई गेलेली होती. विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या कागदांवर ती पहिल्यांदा कुटुंबप्रमुख होती.